चुलीमागची भिंत

बाई,

तुम्ही गेल्या त्याला आता वीस वर्षं होत आली, आणि एवढ्या वर्षांत तुमच्याबद्दल मी चारचौघांत एकदाही चांगलं बोलली नाही. शाळेतल्या मैत्रिणी लग्नकार्यात भेटल्या की म्हणतात, बाईंनी आपल्याला घडवलं. मी म्हणते, घडवलं कसलं, ठोकलं. त्या हसतात. त्यांना वाटते, मी गंमत करून राहिली. पाहा, लिहिलंच 'करून राहिली'. तुम्ही असत्या तर लाल शाईनं गोल केला असता. वर्गात कोणी 'मले' म्हटलं की तुमची पट्टी हातावर बसायची, आणि घरी येऊन 'मला' म्हटलं की माझी माय म्हणायची, मोठी आली पुण्याची. दोन्हीकडून मार मीच खाल्ला. आता साठी उलटली, तलाठी म्हणून उभी नोकरी करून निवृत्त झाली, अमरावतीत लेकाच्या घरी राहते. जसं येईल तसं लिहीन. तुमची पट्टी इथवर पोचत नाही.

वह्यांचा दिवस तुम्हाला आठवत नसेल. मारणाऱ्याला आठवत नाही कधी. मी पाचवीत होती. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं गरीब मुलींना वह्या वाटायचं ठरवलं होतं, आणि आमची रांग लावली होती शाळेच्या पटांगणात, उन्हात, तो माणूस खुर्चीवर आणि त्याच्या मागं तुम्ही. मी माझ्या वह्या घेतल्या आणि फिरून रांगेत लागली, कारण धाकटी बहीण गोवरानं घरी पडली होती आणि माय म्हणाली होती, तिच्याही घेऊन ये. दुसऱ्यांदा वह्या हातात पडल्या तशी तुम्ही माझा दंड धरून मला रांगेतून ओढलं. सगळ्या शाळेसमोर म्हणाल्या, "खोटं सांगून घेतलेलं अंगी लागत नाही. ठेव खाली." मी ठेवल्या. माझ्या वाट्याच्या आधी मिळालेल्याही ठेवल्या. बहिणीचं मी सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारलं नाही. विचारायची गरज तुम्हाला कधी वाटलीच नाही. तुम्ही पाहायच्या आणि ठरवून मोकळ्या व्हायच्या.

दोन दिवसांनी तुम्ही आमच्या वस्तीत आल्या. कोणीतरी सांगितलं असेल. दारात उभं राहून मायजवळ वह्या दिल्या, खाकी कव्हर घातलेल्या, लहानीचा ताप कसा आहे विचारलं, आणि गेल्या. मी तिथंच उंबऱ्यात बसली होती. माझ्याकडं पाहिलं नाही. माय पुढचे आठ दिवस गावभर सांगत होती की शाळेच्या बाई स्वतः घरी आल्या. मला मात्र तेव्हाच कळलं की तुम्हाला माफी मागता येत नाही, आणि ज्याला माफी मागता येत नाही तो माणूस कितीही शिकलेला असो, आतून कच्चाच असते. अकरा वर्षांच्या पोरीनं केलेला विचार आहे हा, पण मी तो पुढं कधी बदलला नाही.

हेही खरं की सातवीच्या परीक्षेआधी तुम्ही मला महिनाभर तुमच्या घरी अभ्यासाला बसवलं. तुम्ही, तुमचा लहान पोरगा, आणि एक खोली. पहाटे मला उठवून गणितं घालायच्या आणि तुम्ही पांढऱ्या मातीनं चूल पोतारायला बसायच्या. चूल, तिच्यामागची भिंत, अगदी ओल्या बोळ्यानं, रोज, न चुकता. आमच्या घरी सणाला पोतारायचे. मी विचारलं तर म्हणाल्या, काळ्या चुलीवरचं मला गोड लागत नाही. मग ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी, वर तेल. ती भाजी मला अजून आवडते आणि सून ती घरात करू देत नाही, ते पुढं येईल.

तुमच्या पेन्शनीचा घोळ मला मोठेपणी कळला. तुमचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं म्हणून तुमच्या नेमणुकीला मान्यता नव्हती, आणि संस्थेचे लोक दर वर्षी म्हणायचे, येते बाई, यंदा येते. तुम्ही वीस वर्षं 'यंदा'वर शाळा चालवली. आम्हाला प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणारी बाई, स्वतः एक कागद मागू शकली नाही. एका पोरीच्या हातातल्या वह्या बरोबर दिसल्या तुम्हाला, आणि संस्थेच्या अध्यक्षाच्या हातात काय आहे ते दिसलं नाही. वय झालं तशा घरी बसल्या, पेन्शन नाही, काही नाही. शाल आणि नारळ दिला म्हणे. मला हे कळलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला हसू आलं.

मग मी बार्शीटाकळी तालुक्यात तलाठी म्हणून आली आणि तुमचं गाव माझ्या साझ्यात, माझ्याकडच्या चार गावांत, आलं. म्हाताऱ्यांची जी पेन्शन असते, श्रावणबाळ म्हणतात तिला, तिची घरचौकशी माझ्याकडं होती. नाव तरी काय ठेवलं पाहा. ज्याला पोरगं पाहत नाही त्याला द्यायचे पैसे आणि नाव श्रावणबाळाचं. कमावता मुलगा सांभाळत असेल तर पेन्शन नाही, अशी भानगड होती. म्हणून गावोगाव म्हातारे कागदावर वेगळे राहायला लागले. वेगळं राहणं म्हणजे चूल वेगळी. तलाठीबाई येणार म्हटलं की घराच्या मागं तीन विटा मांडायच्या, वर एक पातेलं ठेवायचं, आणि आजीला समोर बसवायचं. एका गावात तर मला एकच लोखंडी शेगडी तीन घरी भेटली. तिचा एक पाय मोडका होता. तिसऱ्या घरी मी म्हटलं, बसू द्या तिला आता, थकली असेल चालून. पंच म्हणून आलेले दोघं खाली मान घालून हसले आणि म्हातारीही हसली, सगळ्यात जास्त तीच.

मी काय करायची, तर चुलीमागच्या भिंतीवरून बोट फिरवायची. काजळी एका दिवसात लावता येत नाही. बोट काळं आलं तर चूल खरी, कोरं आलं तर खोटी. सगळ्या तालुक्यात माझं बोट माहीत झालं होतं. सोबतचा कोतवाल पुढं जाऊन लोकांना सांगायचा, बाई भिंतीले हात लावते, नाटक करू नका. साहेब लोकही मला मानायचे. आणि मी त्या म्हाताऱ्यांना काय मानायची, ते सांगायची सोय नाही. घाण वाटायची मला त्यांची. एवढ्याशा पैशासाठी स्वतःच्या जिवंत पोराला नाही म्हणून सांगतात, आणि ते पोरगंही बाजूला उभं राहून मान डोलावते. नाकारायचे अर्ज मी चांगल्या अक्षरात नाकारायची.

अशात एक दिवस गठ्ठ्यात तुमचा अर्ज निघाला. भरलेला दुसऱ्याच कोणाच्या हातचा, तुमच्या पोराच्या असावा. 'अर्जदारास सांभाळणारे कोणी आहे काय' याच्यापुढं 'नाही'. खाली सही मात्र तुमची. लिहूनच टाकते, बाई: मला आनंद झाला. ज्या बाईनं मला दंड धरून रांगेतून काढलं, ती आता माझ्या रांगेत होती. मी मुद्दाम एक दिवस आधी कोतवालाला पाठवलं, की उद्या तलाठीबाई येतील, आणि त्या कोण आहेत तेही सांग. तुम्हाला तयारीला वेळ मिळावा, असं मी स्वतःला सांगितलं.

मी दुपारी तीनला आली. स्लॅबचं घर, समोर तुमच्या पोराचं किराणा दुकान, आत गॅस. त्यानं मला सरळ मागं नेलं, टिनाच्या छपरात. तुम्ही पांढरी स्टार्चची साडी नेसून उभ्या होत्या, शाळेत तपासणीला साहेब येत तेव्हा नेसायच्या तशी. कोपऱ्यात खाट, दोरीवर कपडे, खाटेच्या पायाशी दोन-चार भांडी पालथी. आणि चूल. नुसती पांढरीशुभ्र. भिंतही पांढरी, खालून अजून ओली. मी बोट फिरवलं. बोट पांढरं आलं.

तुमचा पोरगा मागून बोलत होता. पंच म्हणून आलेले शेजारचे दोघं उभे होते, सून दारात होती, आणि हा सगळ्यांसमोर खुशाल सांगत होता, "आई वेगळीच राह्यते म्याडम आमची. तिचं रांधणं वेगळं, खाणं वेगळं. आमचा काही संबंध नाही." निर्लज्ज, मी मनात म्हटलं. पैशासाठी काय खोटं बोलते हा माणूस. तुम्ही ट्रे घेऊन आल्या, फुलाफुलांचे कप, सुनेच्या शोकेसमधले असतील, आणि चहा माझ्यापुढं धरला. आणि मी, तीस वर्षं जे जपून ठेवलं होतं ते बाहेर काढलं.

"बाई," मी म्हटलं, "खोटं सांगून घेतलेलं अंगी लागत नाही. तुम्हीच शिकवलं होतं."

तुम्ही माझ्याकडं पाहिलं. तुम्हाला वह्या आठवल्या की नाही, मला आजवर कळलं नाही. एवढंच म्हणाल्या, "चहा घे. थंड होऊन राहिला." तेवढंच एकदा मी तुमच्या तोंडून आमच्यासारखं बोलणं ऐकलं.

मी तिथंच खाटेवर बसून अहवाल लिहिला. अर्जदार कमावत्या मुलासोबत एकत्र राहते, चूल दाखवण्यापुरती मांडलेली आहे. वाचून दाखवायचा नियम होता. तुम्ही म्हणाल्या, दे, मी वाचते. चष्मा लावला, पूर्ण वाचला, खालपासून वरपर्यंत पुन्हा एकदा पाहिला, जशी उत्तरपत्रिका पाहायच्या. मला वाटलं आता बोलतील. पंच उभे होते, पोरगा उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं तुम्हाला: हा मला जेवायला देत नाही. त्या एका वाक्यावर माझा अहवाल फाटला असता. तुम्ही म्हणाल्या, "अक्षर चांगलं ठेवलंस," आणि सही केली.

त्याच दिवसापासून मी तुम्हाला अजून खालच्या पायरीवर बसवलं. दोन्ही पाहिजे होतं तुम्हाला. निराधारही व्हायचं होतं आणि चार लोकांत घरंदाजही दिसायचं होतं. ज्याला मागायचं असते त्यानं मागावं तरी नीट, फाटकं नेसून, काळ्या चुलीपुढं बसून, रडून. त्या शेगडीवाल्या म्हाताऱ्या तुमच्यापेक्षा बऱ्या. त्यांना निदान कळत होतं की आपण काय करून राहिलो. तुम्ही स्टार्चची साडी नेसून भीक मागायला उभ्या राहिल्या आणि वर वाढणाऱ्यालाच चहा पाजला. असं मी म्हणायची, स्वतःशी, आणि एकदोनदा ऑफिसात मोठ्यानंही म्हटलं, नाव न घेता. लोक हसले.

पुढं ऐकलं की तुम्ही घरोघरी पापड लाटायला जाता, जुन्या विद्यार्थिनींच्या घरी. एकदा बार्शीटाकळीच्या बाजारात पाठमोऱ्या दिसल्या, मी रस्ता बदलला. अर्ज पुन्हा करता येत होता. सहा महिन्यांनी कोणीही करू शकत होतं, आणि एक निरोप धाडायला मला काही लागत नव्हतं. नाही धाडला. मग माझी बदली झाली, मग तुम्ही गेल्या. मी मातीला आली नाही. तुमच्या पोरानं तेरवी मोठी केली म्हणतात.

आता माझं ऐका, तुम्हाला बरं वाटेल. माझी पेन्शन आहे, पक्की, सरकारी. ती दर महिन्याला येते आणि तिचं कार्ड लेकाच्या पाकिटात राहते, कारण मला मशीनवर जायला त्रास होते असं त्यानं ठरवलं आहे. लेक वाईट नाही. नुसता गुळमुळीत आहे. कधी आवाज चढवत नाही, मला 'आई तुम्ही बसा' म्हणते, आणि बसवते कुठं, तर मागच्या गॅलरीत. माझ्या फोडणीनं बाळाला ठसका लागते. अंबाडीचा वास पडद्यांना बसते. म्हणून गॅलरीत एक छोटी गॅसशेगडी लावून दिली, तुमच्या सोयीनं करा आई, तुमचं पथ्याचं असते. मला कसलंही पथ्य नाही. तीन वर्षं झाली मी माझं वेगळं रांधते आणि ताट घेऊन खोलीत जाते, आणि या घराचं कर्ज माझ्या पेन्शनीतून जाते, आणि सगळे नातेवाईक म्हणतात, नशीबवान आहेस, मुलाजवळ आहेस. मी म्हणते, हो ना. जिनं शंभर घरांच्या भिंती पाहिल्या ती बाई असं म्हणते. थुंकावं वाटते स्वतःवर.

मागच्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा होता. पोस्टातून एक पोरगी घरी येते त्यासाठी आता. आदल्या संध्याकाळी लेकानं सांगितलं, उद्या येणार आहे, तयार राहा. आणि मी सकाळी उठून काय केलं असेल? घासणी घेऊन गॅलरीतल्या शेगडीमागच्या टाइल्स घासल्या. तेलाचा एक डाग राहू दिला नाही. शेगडी पुसली, तिच्यावर विणलेला रुमाल घातला. चांगली साडी नेसली. कोणी सांगितलं नव्हतं. आणि मग ते सगळं खराब होऊ नये म्हणून काही रांधलंच नाही. चहाबिस्किटावर बसून राहिली. पोरगी आली दोन वाजता. मशीनवर माझं बोट उमटेना. तालुकाभर गाजलेलं बोट, चार वेळा पुसलं, नाही उमटलं. मग ती म्हणाली, आजी, चेहऱ्यानं करू, उजेडात चला, आणि मला घेऊन गॅलरीत आली. मोबाइल तोंडापुढं धरून म्हणाली, डोळे मिचकवा. मी मिचकवले. जिवंत निघाली.

जाता जाता तिनं शेगडीवरचा रुमाल पाहिला. म्हणाली, "इकडं कोण करते स्वैपाक?"

मी म्हटलं, "कोणी नाही. दिवाळीच्या तळणाला लावली होती."

"तरीच. कोरी दिसते," ती म्हणाली. "बरं आहे आजी, तुम्ही मुलाजवळ राहता."

मी म्हटलं, "एकत्रच राहतो आम्ही."

ती गेल्यावर मी बराच वेळ तिथंच स्टुलावर बसली. पोटात कावळे ओरडत होते आणि शेगडी पेटवावी वाटत नव्हती. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की मी तुमच्याकडं तीनला आली होती आणि माती खालून ओली होती. म्हणजे पहाटेपासून तुम्ही ती चूल पेटवली नव्हती. म्हणजे तीन वाजेपर्यंत तुम्ही उपाशी होत्या, माझ्यासाठी. पैसे पाहिजे होते म्हणून पोरानं सगळ्या गावासमोर खरं सांगितलं, त्याला त्याची लाज नव्हती. लाज तुम्हाला होती. तुम्हाला पेन्शन मिळाली नसती तरी चाललं असतं, पण तुमच्या हातची शिकलेली पोरगी येऊन पाहील की बाईंना वेगळं टाकलं, ते चाललं नसतं. मूर्ख होत्या तुम्ही. मी तुम्हाला मोठी वगैरे काही म्हणणार नाही. मूर्ख होत्या, आणि तो मूर्खपणा तुम्ही मला गणिताबरोबर शिकवला असला पाहिजे, नाहीतर माझ्या हातात ती घासणी कुठून आली.

हे मी जुन्या सातबाऱ्याच्या कोऱ्या पाठीवर लिहून राहिली. लेकाला सापडलं तर त्याला राग येणार नाही, तो गुळमुळीत तोंडानं म्हणेल, आई, सांगायचं ना. सुनेला सापडलं तर विचारेल, या बाई कोण. म्हणून ते पेटीत, माझ्या नेमणुकीच्या आदेशाखाली ठेवते. माझं बरं आहे, गॅसवर भांडी काळी होत नाहीत. मला कोणी पकडणार नाही.

एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आली की मला कसं कळणार होतं, तुम्ही भिंतच पोतारली होती. तुमचं रोजचं पोतारणं मी महिनाभर पाहिलं होतं, तेही सोडा. अहवाल लिहायला मी खाटेवर बसली तेव्हा पायाशी तुमचा जर्मनचा गंज, भाजी शिजवायचं पातेलं, पालथा होता. तुम्ही भिंत पोतारली, चूल पोतारली, तो तेवढा विसरल्या. त्याचं बूड काळं होतं, बाई. बोटभर काजळी होती त्याच्यावर. मी पाहिली, आणि पाय लांबवून तो खाटेखाली सरकवला.